पार्श्वभूमी : जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज जोडला का जात नाही

प्रोग्रामला डेटाबेसशी जोडण्याची विंडोजवरची सोय म्हणजे ओडीबीसी, ते १९९२ सालचं. तेच काम जावा प्रोग्रामसाठी करणारं जेडीबीसी १९९७ सालचं. जेडीबीसी आलं तेव्हा त्याचे स्वतःचे ड्रायव्हर (एकेका डेटाबेसशी बोलणारे जोडप्रोग्राम) जेमतेमच होते, ओडीबीसीचे मात्र तयार होते. ओडीबीसीच्या ड्रायव्हरांवर काम भागवायला, जेडीबीसीची मागणी ओडीबीसीकडे पोचवणारा हा ब्रिज जावाबरोबरच मिळू लागला. तो तात्पुरता आहे, दुसरा ड्रायव्हर नसेल तरच वापरा, हे त्याच्या कागदपत्रांतच लिहिलेलं होतं. आपल्याकडच्या कॉलेजांनी ते मनावर घेतलं नाही. अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फाइल, कंट्रोल पॅनेलमधून डीएसएन (त्या फाइलच्या जोडणीची ओडीबीसीतली नोंद), मग प्रोग्राम : जावाची जर्नलं वर्षानुवर्षं अशीच भरली गेली. ३२ बिटच्या एक्सपीवर ते निमूट चालायचंही. चुकलंच तर डीएसएनचं स्पेलिंग.

खरा घोळ ६४ बिटचं विंडोज ७ आल्यावर झाला. त्यात डीएसएन बनवण्याचे प्रोग्राम दोन, आणि दोन्हींच्या फाइलचं नाव एकच : ओडीबीसीएडी३२. ‘सिस्टम३२’ फोल्डरमधला ६४ बिटचा आणि ‘सिसवॉव६४’ मधला ३२ बिटचा. हो, उलटंच. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून फोल्डरचं जुनं नाव तसंच ठेवलं, आणि त्याचा भुर्दंड शिकणाऱ्यांना पडला. कंट्रोल पॅनेलमधून ६४ बिटचा उघडायचा. त्यात अ‍ॅक्सेसचा ड्रायव्हर बहुधा नसायचाच, कारण ऑफिस ३२ बिटचं. मग कोणीतरी सांगायचं, सिसवॉवमधून बनव. तिथे सिस्टम डीएसएन (मशीनवरच्या सगळ्यांसाठीचा) बनवला आणि जावा ६४ बिटचं असलं, की ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’. डीएसएन समोर दिसतोय, तरी सापडत नाही! कारण सिस्टम डीएसएनच्या नोंदी ३२ आणि ६४ बिटच्या वेगळ्या असतात. यूजर डीएसएन (एकाच यूजरचा) मात्र दोन्हीकडे दिसतो, म्हणून तिथे एररही वेगळा : ‘आर्किटेक्चर मिसमॅच’. हा निदान खरं बोलतो. उपाय एकच होता, जावा आणि ड्रायव्हर एकाच बिटचे ठेवणं. ६४ बिटचा अ‍ॅक्सेस ड्रायव्हर २०१० च्या आवृत्तीपासून मिळू लागला, पण ३२ बिटचं ऑफिस असलेल्या मशीनवर त्याचा इन्स्टॉलर सरळ नकार द्यायचा. विंडोज ८ पासून दोन्ही प्रोग्रामांच्या नावापुढे बिट लिहून येऊ लागले. तोवर व्हायचा तो मनस्ताप होऊन गेला होता.

मार्च २०१४ मध्ये जावा ८ आलं आणि त्यातून ब्रिज काढूनच टाकला. निर्णय माझ्या मते योग्यच, पण अभ्यासक्रम आणि गाइडं जागची हलली नाहीत. ब्रिजच नसल्यामुळे ‘क्लास नॉट फाउंड’ दिसला की मुलं डीएसएन पुन्हा पुन्हा बनवत बसली. काहींनी जावा ७ मधून ब्रिजचे क्लास आणि डीएलएल उचलून नव्यात टाकले. अशी ठिगळं फार टिकत नाहीत. तेव्हा आधी जावाची आवृत्ती बघावी. ८ किंवा पुढची असेल तर डीएसएनला हातही लावू नये. अ‍ॅक्सेसच हवं असेल तर यूकॅनअ‍ॅक्सेस हा निव्वळ जावातला ड्रायव्हर आहे. त्याला फाइलचा पत्ता थेट देता येतो, बिटचा प्रश्न येत नाही. मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसना तर स्वतःचे जेडीबीसी ड्रायव्हर कधीपासून आहेत.