डोळे दिपतात म्हणून डिपर?

आंबे पिकवायला जे कार्बाइड चोरून वापरतात आणि ज्याच्यावर बंदी आहे, त्याच कार्बाइडवर एके काळी मोटारीचे दिवे चालायचे. खालच्या डबीत कार्बाइडचे खडे, वरच्या टाकीतून त्यावर थेंब थेंब पाणी, त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन गॅस नळीने दिव्यात आणि मागे आरसा. वारापावसात पण सहसा विझायचं नाही, म्हणून रॉकेलच्या कंदिलापेक्षा बरं. तेव्हा समोरच्याचे डोळे दिपण्याचा प्रश्न फारसा नव्हता, कारण गाड्या मुळात मोजक्या आणि वेग पण बेताचा.

प्रश्न सुरू झाला तो विजेमुळे. १९१२ साली कॅडिलॅकने सेल्फ स्टार्टर आणि दिवे एकाच इलेक्ट्रिक सिस्टिमवर आणले आणि थोड्याच वर्षांत समोरून येणारा दिवा ही डोकेदुखी होऊन बसली. १९१५ मध्ये अमेरिकेत गाइड लॅम्प कंपनीने झोत खाली करता येईल असे दिवे काढले, पण गंमत अशी की ते खाली करायला ड्रायव्हरने गाडी थांबवून खाली उतरायचं! म्हणजे समोरून कोणी आलं की उतरा, दिवा वाकवा, तो गेला की परत उतरा. कोण करणार हे? १९१७ च्या कॅडिलॅकमध्ये आत बसून ओढायची दांडी आली, १९२४ मध्ये बायलक्स नावाचा बल्ब आला ज्यात एकाच काचेत दोन फिलामेंट (तापून उजेड देणाऱ्या तारा), एक लांबचं आणि एक जवळचं, आणि १९२७ पर्यंत पायाने दाबायचं बटण आलं. आपल्याकडे ज्यांनी जुनी अ‍ॅम्बॅसेडर किंवा जीप चालवलीय त्यांना हे बटण आठवत असेल, क्लचच्या डावीकडे फ्लोअरवर, गोल, लोखंडी. आमच्या काकांचा डावा पाय रात्रीच्या प्रवासात सतत त्याच्यावर असायचा, टक् अप्पर म्हणजे लांबचा झोत, टक् डिपर म्हणजे खाली वळवलेला. (लहानपणी मला खरंच वाटायचं की डोळे दिपतात म्हणून त्याला डिपर म्हणतात. इंग्रजी 'डिप' म्हणजे खाली करणे, त्या शब्दाशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.)

ट्रकच्या मागे 'यूज डिपर अ‍ॅट नाइट' लिहिलेलं असतं ते याच काळापासून मुरलेलं वळण. ती ओळ इतकी सगळ्यांच्या तोंडात बसलेली की २०१६ मध्ये टाटा मोटर्स आणि टीसीआय फाउंडेशनने ट्रकवाल्यांसाठी जे कंडोम काढले त्यांचं नावच 'डिपर' ठेवलं. याहून जास्त काय सांगायचं.

मग हॅलोजन आलं. युरोपात १९६२ ला पहिला हॅलोजन बल्ब आला पण त्यात फिलामेंट एकच, दोन फिलामेंटवाला एच-४ आला १९७१ मध्ये, आणि आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांमध्ये आजही तोच आहे, ६०/५५ वॉटचा, म्हणजे अप्पर ६० आणि डिपर ५५. हा बल्ब हातात घेऊन एकदा नीट बघाच, कारण पुढची सगळी भानगड इथेच आहे. डिपरच्या फिलामेंटखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा, म्हणजे मागच्या आरशाचा, फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तो उजेड खाली रस्त्यावर फेकतो. भिंतीवर डिपर मारला की वर अंधार, खाली उजेड अशी स्पष्ट रेघ दिसते ती या वाटीची करामत. आपण डावीकडून चालवतो म्हणून त्या रेघेचं डावं टोक थोडं वर उचललेलं असतं, कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून. उजवीकडे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांकडे, ती खालीच राहते.

आता पूर्वी समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाईटच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवायची पद्धत होती ते आठवा. १९६५ आणि १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी पण दिवे असे काळे केले जायचे, ते वेगळं. पण एच-४ च्या दिव्यावर वरचा भाग काळा करणं म्हणजे नेमका डिपरचाच उजेड झाकणं! मग माणसाला रस्ता दिसेना आणि तो कायम अप्परवर चालवायला लागला तर त्यात नवल ते काय. हेतू चांगला, काम उलटं.

आणि त्याच्या विरुद्ध टोकाला १००/९० वॉटचे बल्ब. दुकानात सर्रास मिळायचे, अजूनही मिळतात. होल्डर वितळायचे, म्हणून रिलेचं (जास्त करंट पेलणाऱ्या स्विचचं) वेगळं वायरिंग करून घ्यायचं. निदान त्या बल्बात ती वाटी तरी असायची, म्हणजे डिपर मारला तर उजेड जास्त असला तरी त्याचा आकार साधारण तोच. खरा घोटाळा झाला तो एच-४ च्या जागी एलईडी बसवायला लागल्यावर. हॅलोजनचं फिलामेंट म्हणजे बारीक तार, सगळ्या बाजूंनी उजेड देणारी, आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक मिलिमीटर त्या तारेच्या जागेवरून आखलेला. त्यात दोन बाजूंना चिप चिकटवलेली दांडी घातली की उजेड कुठेही उडतो, ती रेघ विस्कटते, डिपर नावालाच उरतो. मी स्वतः एका दुकानात विचारलं होतं तर पोरगा म्हणाला, "साहेब, एकदम पांढराशुभ्र टाकून देतो, दिवस वाटेल." दिवस वाटेलच, पण समोरच्याला.

कंपनीतून येणारे नवे दिवे मात्र वेगळे. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूने झेनॉन आणला, २००७ च्या सुमारास लेक्ससने डिपरला एलईडी. तिथे २००० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) वरचा दिवा असेल तर झोताची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि काच धुवायची सोय पाहिजे असा युरोपचा नियम. पण दिवा जितका छोटा तितका तोच उजेड टोचतो, आणि वर गाड्याच उंच झाल्या. एसयूव्हीचा अगदी सरळ लावलेला डिपर सुद्धा बुटक्या गाडीच्या आरशात बरोब्बर डोळ्यावर येतो. पांढऱ्या-निळसर उजेडाचा त्रास पिवळट हॅलोजनपेक्षा जास्त जाणवतो, त्यात वय झालेलं असेल, मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर डोळ्यातल्या डोळ्यात उजेड फाकतो आणि रस्त्याचा नुसता पडदा होतो. ताशी ८० ने चाललात तर सेकंदाला २२ मीटर जाता, म्हणजे तीन सेकंद काही दिसलं नाही तर ६६ मीटर आंधळे. हायवेच्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावतात ती फक्त शोभेला नाही, समोरचा झोत अडवायला पण. पण दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ती पण सोय नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम आहे आणि तो चक्क मापं देतो: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवणार नाही इतका झोत कायमचा खाली वळवलेला पाहिजे. टेप घेऊन मोजता येईल असा नियम, पण रस्त्यावर टेप घेऊन उभा कोण राहतो. आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या टू-व्हीलरचा दिवा दिवसाही आपोआप चालूच असतो, त्यामुळे सुरुवातीला समोरचे लोक पंजा उघडमीट करून "लाईट चालू राहिलाय" असं खुणावत राहिले.

ते ८ मीटरचं माप वाचल्यावर मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कंपाउंडच्या भिंतीसमोर गाडी लावली. मागे तीन माणसं बसवली, डिकीत तांदळाच्या गोणी. मागचं वजन वाढलं की नाक वर होतं, नाक वर की झोत वर. रेघ भिंतीवर थेट माझ्या छातीच्या वर. मग स्टिअरिंगच्या उजवीकडचं ते ० ते ३ लिहिलेलं छोटं चाक, जे चार वर्षांत मी एकदाही फिरवलं नव्हतं, ते ३ वर नेलं आणि रेघ भिंतीवरून हळूहळू सरकत खाली आली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर थांबली.