शेक सुरू होण्याआधी दात का दाखवायचे?

हॉस्पिटलची जाड फाइल आणि तिला टाचलेली ‘डेंटल क्लिअरन्स’ची, म्हणजे शेकाआधी दात तपासून घ्या अशी, चिठ्ठी घेऊन आमच्याकडे येणारी मंडळी बहुतेक वेळा वैतागलेली असतात. कॅन्सर गालाचा, आणि पाठवलं दातांच्या डॉक्टरकडे! हे पत्रक त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

गाल, जीभ, हिरडीच्या कॅन्सरला साधारणपणे आधी ऑपरेशन होतं. गाठीसोबत मानेतल्या ग्रंथीही बऱ्याचदा काढतात. त्याचा रिपोर्ट आला की शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा की नाही ते ठरतं. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये मात्र आवाज राहावा म्हणून पुष्कळदा शेकानेच उपचार करतात, कधी जोडीला केमो. ऑपरेशननंतरचा शेक साधारण 60 ग्रे (ग्रे हे शेकाचा डोस मोजायचं माप) असतो : रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. तो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा, अशी डॉक्टरांची धडपड असते.

आमची घाई इथेच आहे. खराब दात काढल्यावर जखम भरायला निदान दोन आठवडे लागतात, तीन मिळाले तर बरं. शेकाच्या आदल्या दिवशी आलात तर आमचे हात बांधलेले. ऑपरेशनची तारीख मिळाली की लगेच या. काही वेळा सर्जन त्याच भुलीत किडके दातही काढून देतात.

शेक गाठीच्या जागेवर देतात, पण वाटेत जबडा आणि लाळेच्या ग्रंथी येतातच. जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. अशा हाडातला दात नंतर काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि मरू लागतं. खालच्या जबड्याला हा धोका जास्त, आणि तो वर्ष-दोन वर्षांत सरत नाही, जन्मभर राहतो. त्यामुळे दहा वर्षांनी गावाकडे दाढ दुखली आणि कोणी ‘काढून टाकू’ म्हणालं, तरी खुर्चीत बसण्याआधी सांगा : मला शेक दिलेला आहे. आम्ही अशा वेळी शेक देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून त्या जागेला किती ग्रे मिळाले ते विचारतो, आणि जमेल तिथे दात न काढता रूट कॅनल करतो.

लाळ आटली की दात हिरडीच्या कडेने गोल किडतात, कधी मुळापाशी मोडतात. त्यासाठी तुमच्या मापाचा ट्रे बनवून देतो. रोज झोपताना त्यात फ्लोराइड जेल घालून पाच मिनिटं बसवायचा, नंतर अर्धा तास चूळ भरायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं; तेव्हा कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करा. बाजारातले झोंबणारे माउथवॉश नकोत. कवळीही या काळात काढूनच ठेवा.

काउंटरवरच्या बरणीतल्या लाकडी काड्या आइस्क्रीमच्या वाटतात, त्या तशाच आहेत, पण तोंड उघडण्याच्या व्यायामासाठी. तोंडात उभी तीन बोटं मावायला हवीत. ऑपरेशन आणि शेकानंतर जबडा आखडतो, मग दोनही मावत नाहीत. पुढच्या दातांत मावेल एवढी काड्यांची गड्डी धरा, मध्ये अलगद आणखी एक सरकवा, अर्धा मिनिट थांबा. ऑपरेशन झालेलं असेल तर कधीपासून करायचं ते सर्जनला विचारा.

आणि मिशरी. ‘तंबाखू केव्हाच सोडली’ सांगणाऱ्या आजी सकाळी मिशरी लावतातच, कारण त्यांच्या हिशेबी ते दात घासणं. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. आजी, ब्रश आम्ही देतो, मऊ बघून.

येताना फाइल आणि जबड्याचा एक्स-रे काढला असेल तर तो आणा. शेकाची तारीख जवळ आली असेल तर रांगेत बसू नका, काउंटरवर चिठ्ठी दाखवा. आधी आत घेतो.