बालवाडीत ‘नुसता खेळ’ असतो का?

‘बालवाडीत मुले नुसती खेळतात, अक्षरे गिरवल्याशिवाय कसले शिक्षण?’ हा समज महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चुकीचा आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात शंख, शिंपले, बिया, पाने हीच शैक्षणिक साधने होती, आणि त्यामागे पक्का विचार होता.

मणी ओवताना किंवा मातीचे गोळे वळताना बोटांच्या लहान स्नायूंना जे बळ येते, त्यावरच पुढे पेन्सिलीची पकड अवलंबून असते. चिंचोके आणि गुंजा वेगळ्या करणे हे वर्गीकरण, म्हणजे गणिताची पूर्वतयारी. तर बडबडगीतांतील यमकांमुळे कान ध्वनींमधला फरक टिपू लागतो. दिनक्रमही उगाच आखलेला नसतो. गोलातल्या गप्पा, मुक्त खेळ, हात धुणे, खाऊ, गोष्ट हा क्रम रोज तोच राहिल्याने, घड्याळ न कळणाऱ्या मुलाला पुढे काय होणार हे कळते आणि त्याची रडारड ओसरते.

तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ देणाऱ्या शाळेचे पालकांना कौतुक वाटते, हे मात्र खरे. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा खेळावर आधारित अध्ययनाचाच मानला आहे.