मॉडिफाय केलेल्या जुन्या गाडीचे ब्रेक : पार्ट मागवण्याआधी

ब्रेक करकरू लागले, म्हणून गाडीचं मॉडेल आणि साल सांगून पॅड मागवले. पॅड आले, पण कॅलिपरमध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बसेचनात. मॉडिफाय केलेल्या सेकंडहँड गाड्यांच्या बाबतीत हे आम्ही नेहमी ऐकतो. आधीच्या मालकाने कॅलिपर बदललेला असतो आणि त्याचं बिल कधीच हरवलेलं असतं. चासी नंबर काढून उपयोग नाही, तो गाडी कारखान्यातून कशी निघाली एवढंच सांगतो. तेव्हा चाक काढून जे बसलंय ते मोजायचं. (गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका.)

कॅलिपर. रंगावर जाऊ नका. लाल रंगाचा डबा कोणीही आणतो, आणि काही गाड्यांवर तर साध्या कॅलिपरवर प्लॅस्टिकचं कव्हर चिकटवलेलं असतं. मागची बाजू तारेच्या ब्रशने घासा, ओतीव अक्षरं आणि आकडे वर येतील. कॅलिपर आणि नकल (चाक आणि कॅलिपर ज्यावर बसतात तो भाग) यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा जाड जोडतुकडा दिसला, तर किट बाहेरचं आहे असं खुशाल धरून चाला. पिस्टन किती आणि केवढ्या व्यासाचे, तेही लिहून ठेवा.

पॅड. मागच्या पत्र्यावरचा नंबर वाचता आला तर काम सोपं. नाही आला, तर पॅड कागदावर ठेवून पेन्सिलीने कड गिरवा. कोणत्याही वर्णनापेक्षा ही आकृती आम्हाला जास्त उपयोगी पडते.

डिस्क. खरी गंमत इथे होते. व्यास सगळे मोजतात, उंची विसरतात. डिस्क सपाट जागी ठेवून खालपासून टोपीच्या (डिस्कच्या मधल्या उंचवट्याच्या) माथ्यापर्यंत मोजा. त्यात दोन मिमीचा फरक पडला, तरी डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही आणि एका बाजूला घासत राहते. मधलं भोक आणि बोल्टची भोकंही जुळायला हवीत.

जाडी मोजताना एक फसवणूक होते. डिस्कच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेला काठ उरतो. व्हर्निअर त्या काठावर टेकला की डिस्क नवीकोरी वाटते. आत मायक्रोमीटर लावा. तो नसेल, तर दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून व्हर्निअरने मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते, तिच्याखाली गेली की डिस्क बाद. भोकांच्या डिस्क दिसतात छान, पण तडे बहुधा भोकांपासूनच सुरू होतात, म्हणून भोकांभोवती नीट बघा.

बदलताना. पॅड आणि डिस्क एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना एकदमच बदला. पाइप उघडला असेल तर तांब्याचे वॉशर नवे घाला. ब्रेक ऑईल डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ यांपैकी गाडीला सांगितलेलं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळू नका.

मध्यंतरी एक गाडी आली. दोन बाटल्या ऑईल घालून, कितीदा हवा काढूनही पेडल मऊच. बघतो तर डावा कॅलिपर उजवीकडे लावलेला. हवा काढायचा निपल खाली गेला होता आणि हवा वरच अडकत होती. निपल नेहमी वरच्या टोकाला हवा.

पिस्टन मोठे आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा भाग) जुनाच असेल, तर पेडल जास्त खाली जातं. फक्त पुढेच मोठे कॅलिपर असतील, तर पुढच्या चाकांवर जास्त भार येतो आणि मागची कमी काम करतात. रोजच्या वापराची गाडी असेल, तर आम्ही पूर्ण सेट कंपनी फिटिंगवर परत न्यायचा सल्ला देतो. मात्र अर्धा सेट कंपनीचा आणि अर्धा बाहेरचा असं करू नका.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारणं टाळा.

आम्हाला पाठवा : कॅलिपरच्या मागचे आकडे, पॅडची गिरवलेली आकृती, डिस्कची सगळी मापं आणि डिस्कच्या काठाचा फोटो. फोटोआधी काठ कापडाने पुसा, गंजाखालचे आकडे कॅमेऱ्याला दिसत नाहीत.