युद्धभूमीवरील रक्तपुरवठा

रणांगणावरील जखमींसाठी रक्त व रक्तघटक गोळा करणे, टिकवणे आणि शक्य तितके पुढे नेऊन ठेवणे, या व्यवस्थेस युद्धभूमीवरील रक्तपुरवठा म्हणतात. २००१ ते २०११ या काळातील अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंच्या अभ्यासात, रुग्णालय गाठण्याआधी झालेल्या पण टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के रक्तस्रावाने झाल्याचे आढळले. म्हणूनच साठा किती आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो जखमीपासून किती दूर आहे याला महत्त्व आहे.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिले, तरी बाहेर काढलेले रक्त काही मिनिटांतच साकळत असल्याने दाता रुग्णाच्या शेजारीच लागे. १९१४-१५ मध्ये रक्त साकळू न देणाऱ्या सोडियम सायट्रेटचा वापर सुरू झाल्यावर ही अडचण दूर झाली. सोबत ग्लुकोज घातल्यास तांबड्या पेशी बरेच दिवस टिकतात, हे राउस व टर्नर या संशोधकांनी १९१६ मध्ये सिद्ध केले. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी १९१७ मध्ये फ्रान्समधील ब्रिटिश आघाडीवर या ज्ञानाचा उपयोग केला. कोणत्याही गटाच्या रुग्णाला सहसा चालणाऱ्या ओ गटाच्या दात्यांचे रक्त ते काचेच्या बाटल्यांत आधीच काढून ठेवत आणि दारूगोळ्याच्या खोक्यांपासून बनवलेल्या बर्फपेटीतून पुढच्या उपचार केंद्रावर नेत. आजच्या रक्तपेढीचे मूळ या खोक्यात आहे.

स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनात फ्रेडरिक दुरान-जोर्डा आणि माद्रिदमध्ये कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून यांनी नागरिकांकडून रक्त घेऊन ते वाहनांतून आघाडीवर पोहोचवले. बेथ्यून पुढे चीनमध्ये गेले. तेथे त्यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी सांभाळली.

दुसऱ्या महायुद्धात भर होता सुकवलेल्या रक्तद्रवावर, म्हणजे पेशी काढून उरलेल्या द्रवावर (प्लाझ्मा). त्याला ना शीतपेटी लागे, ना गट जुळवावा लागे. मात्र त्यात ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशी नसल्याने गंभीर जखमींना तो पुरत नसे, आणि अनेक दात्यांचा रक्तद्रव एकत्र केल्याने काविळीचा संसर्गही पसरे. १९४४ मध्ये अमेरिकेतून युरोपात संपूर्ण (घटक वेगळे न केलेले) रक्त विमानाने जाऊ लागले. अमेरिकी रेडक्रॉसने युद्धकाळात १ कोटी ३० लाखांहून अधिक पिशव्यांइतके रक्त गोळा केले. तरीही कृष्णवर्णीयांचे रक्त आधी नाकारले गेले, मग १९५० पर्यंत वेगळे ठेवले गेले. या भेदाला कोणताही वैद्यकीय आधार नव्हता, आणि हा अन्याय जखमी मरत असतानाच्या काळात चालला, हे विसरता येत नाही.

शीतगृहात तांबड्या पेशी ४२ दिवस टिकतात, तर नेहमीच्या तापमानाला ठेवलेले बिंबाणू (रक्त साकळण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट्स) जेमतेम ५ ते ७ दिवस. दुर्गम ठाण्यांवर हे दोन्ही साठे संपतात, तेव्हा तेथील सैनिकच चालतीबोलती रक्तपेढी ठरतात. मोहिमेपूर्वीच त्यांची संसर्गाची तपासणी होते आणि ज्यांच्या रक्तात इतर गटांच्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडे कमी आहेत असे ओ गटाचे दाते निवडून ठेवले जातात. गरज पडताच त्यांचे सुमारे ४५० मिलिलिटर रक्त काढून तेथेच जखमीला चढवतात. सविस्तर तपासणीसाठी नमुना मागाहून पाठवला जातो.