‘हो जी’ आणि मोकळं बोलणं

संशोधनासाठी ऑनलाइन मुलाखत घेताना समोरची बाई हसून बोलली, प्रत्येक प्रश्नाला ‘हो जी’ म्हणाली, निघताना ‘पुन्हा फोन करा ताई’ म्हणाली, की आपण वहीत लिहून मोकळे होतो: सूर जुळला. विदर्भातल्या खेड्यात ही चूक फार सहज होते. ‘हो जी’ ही तिथली रीत आहे. दारात आलेल्याला चहा न देता पाठवत नाहीत, तसं फोनवरच्या पाहुणीलाही तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या, घरी कापूस असलेल्या एका काकूंशी मी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. फोन मुलाचा, तोच धरून उभा. “फरदड घेता का?”

“नाही जी. कृषीवाले नको म्हनतात ना.”

फरदड म्हणजे वेचण्या संपल्यावरही पाणी देऊन पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी ठेवणं. त्यावर गुलाबी बोंडअळीची सोय होते, पुढच्या हंगामात ती पुन्हा हजर. २०१७ साली या अळीनं विदर्भात केलेलं नुकसान अजून कुणी विसरलेलं नाही, आणि फरदड घेऊ नका हे कृषी विभाग सांगतच असतो. म्हणजे ‘बरोबर’ उत्तर काकूंना पाठच होतं. चाळीस मिनिटं गोड गेली, हाती काही लागलं नाही. ओसरीवर बसले असते तर मागच्या वावरातली पऱ्हाटी दिसली असती. स्क्रीनवर दिसत होती भिंत आणि कॅलेंडर.

दुसऱ्यांदा रात्री जेवणं उरकल्यावर फोन केला, कॅमेरा बंद ठेवून. आधी मीच सांगितलं, की मी बँकेची नाही, कृषी विभागाची नाही. रेकॉर्डिंग कुठे राहील, कोण ऐकेल. शेजारी कोण बसलंय, आत्ता बोलणं जमेल का, हेही विचारलं. ‘फरदड’ शब्द काढलाच नाही. “मागच्या साली शेवटचा वेचा कधी झाला? मग पऱ्हाटीचं काय केलं?”

शांतता. नेटवर्कमुळे आवाज उशिरा येतो, म्हणून ऑनलाइन शांतता आहे त्याहून लांब वाटते आणि आपण मधेच तोंड घालतो. मी गप्प राहिले.

“उभी होती ना. झाडाले बोंडं हायेत, विहिरीले पानी हाये, तं उपटून कशाले टाकू? तुम्ही टाकली असती का?”

या उलट प्रश्नापाशी मुलाखत खरी सुरू झाली. ‘हो जी’ ऐकून आपल्याला बरं वाटतं. मोकळं बोलणं ऐकताना जरा अवघडायला होतं. माझ्यापुरती मी हीच खूण धरते: समोरच्यानं मला खोडून काढलं का?

रिचार्ज मारून दिला की जवळीक होते, असं काही जण मानतात. रिचार्ज जरूर द्यावा, त्यांचा डेटा आपण खर्चतो. पण त्यानं ‘हो जी’ तेवढे वाढतात. आणि बाहेरच्यानं उगाच वऱ्हाडी बोलीत ‘काहून’, ‘करून रायली’ करू नये. चेष्टा वाटते.

पहिल्या कॉलच्या शेवटी मी विचारलं होतं, यातलं काही गाळू का? “नाही जी, सारं लिहा.” दुसऱ्या वेळी तोच प्रश्न केला, तर काकू थांबल्या आणि म्हणाल्या, एक गोष्ट तेवढी लिहू नका. ती कोणती, ते इथेही लिहीत नाही.