एमसीबीला न दिसणारी ठिणगी

इंदूरच्या रामबागेतील माझ्या मावशीच्या जुन्या घरात गेल्या हिवाळ्यात गीझरचा प्लग-पॉइंट बदलावा लागला. काही दिवसांपासून न्हाणीघरात मासळीसारखा उग्र वास येत होता आणि पूर्णपणे शाकाहारी घरात तो कुठून येतो, याचा उलगडा कोणालाच होत नव्हता. वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा सोळा अँपिअरच्या सॉकेटमागील फेजची वायर स्क्रूखाली सैल झालेली दिसली. तिच्यावरील पीव्हीसीचे आवरण बोटभर लांबीपर्यंत काळे व ठिसूळ झाले होते आणि पितळी टर्मिनलला बारीक खड्डे पडले होते. वास बेकलाइट तापल्याचा होता. मावशीने विचारलेला प्रश्न रास्त होता: मग एमसीबी का पडला नाही?

एमसीबी, म्हणजे प्रवाह वाजवीपेक्षा वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, फक्त प्रवाह किती आहे एवढेच पाहतो. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर घेतो. सैल जोड गीझरच्या वाटेतच, म्हणजे एकसरीत असल्यामुळे त्याच्या रोधाने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. घरगुती वापरातील सी प्रकारचा 16 अँपिअरचा एमसीबी तत्क्षणी पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असता तरी तोही स्वस्थच राहिला असता, कारण फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परत येत होता आणि जमिनीकडे काहीच गळत नव्हते. इकडे त्या जोडाचा रोध केवळ अर्धा ओहम धरला तरी तेथे जवळजवळ 38 वॅट उष्णता निर्माण होते. एवढ्या शक्तीवर सोल्डरिंग आयर्न चालते, आणि इथे जणू तेच लाकडी बोर्डाच्या पोटात रोज सकाळी तापत होते.

आर्क, म्हणजे हवेतून वीज वाहत राहणारी ठिणगी, ही त्यापुढची पायरी आहे. हवेतून नव्याने ठिणगी उडण्यासाठी, अंतर कितीही सोयीचे असले तरी, किमान सुमारे 327 व्होल्ट लागतात. आपल्या 230 व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर 325 व्होल्टच्या आसपास असते. त्यामुळे धडधाकट वायरींमध्ये ठिणगी आपणहून सहसा उडी मारत नाही. एकमेकांना टेकलेले धातू विलग होताना मात्र ती जन्मते, आणि आवरण जळून कोळसा झाले की त्या वाहक कोळशावरून तिला आयती वाट मिळते. आर्कचे तापमान हजारो अंशांत असते, तर तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. टर्मिनलवरील खड्डे या ठिणग्यांनीच पाडलेले होते.

अशी ठिणगी पकडण्यासाठी आर्क ओळखणारा वेगळा ब्रेकर मिळतो. तो प्रवाहाच्या लाटेच्या आकाराकडे लक्ष देतो. आपला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो. त्या प्रत्येक क्षणी आर्क विझते आणि व्होल्टेज पुरेसे चढल्यावर पुन्हा पेटते, म्हणून प्रवाहाच्या लाटेत शून्यापाशी सपाट पायरी उमटते आणि तिच्यावर उच्च वारंवारतेची खरखर चढते. ब्रेकरमधील मायक्रोप्रोसेसर हे लक्षण शोधतो. 230 व्होल्टसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केवळ 2.5 अँपिअरची आर्कही एका सेकंदात तोडली गेली पाहिजे. अडचण अशी, की मिक्सर किंवा ड्रिलच्या मोटरीतील कार्बन ब्रश काम करतानाच ठिणग्या पाडतात आणि काही डिमरही असाच गोंगाट करतात. अमेरिकेत हे ब्रेकर विनाकारण पडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत, आणि आपल्याकडे चटणी वाटताना तीनदा वीज गेली की गृहिणी (किंवा तिच्या सांगण्यावरून वायरमन) तो ब्रेकर काढून साधा बसवणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणखी एक मर्यादा सहसा विक्रेते सांगत नाहीत. जोड नुसता तापून लालबुंद होत असेल, पण ठिणगी उडत नसेल, तर या ब्रेकरला काहीच ऐकू येत नाही. मावशीच्या घरी पहिले काही आठवडे बहुधा हेच चालले असावे.

अमेरिकेच्या विद्युत संहितेने 1999च्या आवृत्तीत शयनगृहांच्या सर्किटसाठी असा ब्रेकर बसवण्याची अट घातली, ती 2002पासून लागू झाली आणि पुढे जवळजवळ सगळ्या राहत्या खोल्यांपर्यंत पसरली. जर्मनीने 2016मध्ये काही ठिकाणी सक्ती केली आणि 2019मध्ये ती शिथिल करून जोखमीच्या मूल्यमापनावर सोपवली. ब्रिटनने 2018मध्ये केवळ शिफारस केली. 2022च्या दुरुस्तीत उंच निवासी इमारती, भाड्याच्या सामायिक घरांचा एक वर्ग, विद्यार्थी वसतिगृहे आणि वृद्धांची निवासस्थाने एवढ्यांतील सॉकेटच्या सर्किटांपुरती सक्ती आणली. सक्तीमुळे नेमक्या किती आगी टळल्या, हे मोजणे कठीण आहे. आगीनंतर वायरीवर सापडणारे वितळलेल्या तांब्याचे मणी आर्कचा पुरावा मानले जातात, परंतु दुसऱ्याच कारणाने लागलेल्या आगीत आवरण जळाले तरी तसेच मणी तयार होतात. आपल्याकडे तर पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिले की शोध तिथेच थांबतो.

माझ्या मते आपल्या सर्व घरांवर ही सक्ती आज करू नये. असा ब्रेकर काही हजार रुपयांना पडतो, साधा एमसीबी काहीशे रुपयांत मिळतो, आणि जुन्या इंदुरातील कित्येक घरांत तिसऱ्या पिनेची वायर बोर्डामागे नुसती लोंबकळत असते. जेथे अर्थिंगच नाही तेथे पहिला खर्च अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर व्हावा, कारण शॉकने माणूस जागीच जातो. पीळ घालून टेप गुंडाळलेले जोड काढून नीट कनेक्टर बसवणे हा त्यानंतरचा खर्च. ब्रिटनची निवड मात्र मला आपल्यासाठीही पटते. इंदूरच्या भंवरकुआँ भागातील वसतिगृहांत एकेका खोलीत दोन-तीन मुले, एका सॉकेटवर इंडक्शन शेगडी आणि दोन चार्जर, आणि खाली उतरायला एकच अरुंद जिना असतो. तेथे रात्री ठिणगी पडली तर वास ओळखायला जागे कोणी नसते. अशा इमारतींच्या नव्या वायरिंगमध्ये हा ब्रेकर अनिवार्य करणे योग्य ठरेल, आणि त्याचा खर्च मुलांवर नव्हे, घरमालकावर पडावा.

मावशीकडे वायरमनने सॉकेट बदलले, वायरीचे जळके टोक छाटून नव्या टर्मिनलमध्ये घट्ट कसले आणि बिल तीनशे चाळीस रुपये केले. जुने सॉकेट तिने टाकून दिलेले नाही. वास आला तर ताडून बघायला हवे म्हणून ते फडताळात कागदात गुंडाळून ठेवले आहे.